दिवसभर जे करतो ते रात्रीच्या झोपेसाठी

प्रश्न असा आला आहे: "आम्ही दोघं ठाण्याचे, पन्नाशीला आलोय. मुलगी मार्गी लागली. नोकऱ्या सोडून दोन-तीन वर्षं शिडाच्या बोटीवर राहायचं आणि कॅरिबियनच्या बेटांमधून फिरायचं मनात आहे. व्हिडिओंत निळं पाणी आणि सूर्यास्तच दिसतात. रोजचा दिवस नक्की कसा जातो? पाणी, वीज, जेवण, कागदपत्रं, पैसे यांचं काय? आणि माझ्या बायकोला पोहता येत नाही, चालेल का?"

पोहण्याचं शेवटी सांगते. बाकीचं वाचून झालं की त्या उत्तराचं कारण आपोआप कळेल.

आम्ही मूळचे रत्नागिरीचे. नवरा मर्चंट नेव्हीत इंजिनियर होता, मी शाळेत भूगोल शिकवत होते. गेले पाच हिवाळे आम्ही एका अडतीस फुटी, एका डोलकाठीच्या बोटीवर राहतो आहोत. आमचा पट्टा ग्रेनाडा ते मार्टिनिक. मध्ये कॅरियाकू, युनियन, मेरो, बेक्वे, सेंट व्हिन्सेंट, सेंट लुशिया. दक्षिणोत्तर जेमतेम दीडशे सागरी मैल. बहुतेक ठिकाणी एका बेटावर उभं राहिलं की पुढचं दिसतं.

दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून एकट्याने, चार थांबे घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा केली. ते वाचून समुद्राची ओढ लागलेले बरेच जण आम्हाला गाठतात आणि वादळात शीड कसं सांभाळायचं ते विचारतात. महासागर ओलांडणं ही वेगळी विद्या आहे, तिला माझा नमस्कार. बेटाबेटांतून राहणाऱ्यांचा दिवस तसा नसतो. गेल्या मोसमात आम्ही १९० दिवस बोटीवर होतो आणि त्यांतल्या फक्त ४१ दिवशी शीड वर चढलं. बाकीचे दिवस बोट नांगरावर उभी. म्हणून बोट चालवण्याइतकंच, किंबहुना जास्तच, ती नीट उभी करायला शिकावं लागतं. रात्री झोप लागली पाहिजे. आमचा सगळा दिवस त्या झोपेची तयारी करण्यात जातो, आणि हे मी अगदी मनापासून सांगते आहे.

नांगरापासून सुरुवात करते. दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट, जानेवारी महिना, बेक्वेचं ॲडमिरल्टी बे. इथे वारा वर्षातला बहुतेक काळ ईशान्य ते पूर्व या बाजूने येतो, साधारण १५ ते २० नॉट, म्हणजे ताशी तितके सागरी मैल. नववीच्या मुलांना मी फळ्यावर बाण काढून शिकवायचे ते हेच व्यापारी वारे. डिसेंबर-जानेवारीत ते चढतात, २५-३० नॉट, आणि आठ-आठ दिवस उतरत नाहीत. इथले लोक त्यांना ख्रिसमस विंड्स म्हणतात. त्या दिवशी आम्ही सेंट लुशियाहून आलो होतो, दमलो होतो, अंधार पडत होता. सहा मीटर पाण्यात नांगर टाकला, पंचवीस मीटर साखळी सोडली, पाण्यात उतरून बघायचं ते सकाळवर ढकललं, आणि खिचडी खाऊन झोपलो.

रात्री पावणेतीनला मला जाग आली ती आवाज बदलला म्हणून. साखळी तळावरून ओढली जाते तेव्हा खरखर सगळ्या बोटीच्या हाडांतून येते, उशीला कान लावला तर आणखी स्पष्ट. वर गेले. झोपताना जे दिवे उजवीकडे होते ते आता पुढे होते. मागच्या कॅटामरानचं, म्हणजे जोडतळाच्या बोटीचं, नाक आमच्या सुकाणूपासून चार मीटरवर. पावसाची सर कोसळत होती. मी इंजिन चालू केलं, नवरा नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, धावला आणि विंडलासने, म्हणजे साखळी ओढणाऱ्या यंत्राने, नांगर वर घेतला. त्याच्या टोकाला समुद्री गवताचा उशीएवढा गठ्ठा अडकला होता. नांगर वाळूत घुसलाच नव्हता, गवतावर नुसता पडून होता, आणि वारा चढताच घसरत निघाला. नऊ मीटरवर जाऊन पुन्हा टाकला, साठच्या साठ मीटर साखळी सोडली, आणि उजाडेपर्यंत दोघंही कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीत, बसून राहिलो.

त्या रात्रीपासून आमचे नियम ठरले. पाण्याची खोली अधिक पाण्यापासून नाळेपर्यंतची उंची, त्याच्या पाचपट साखळी. वारा जास्त असेल तर सातपट. पाच मीटर पाणी आणि सव्वा मीटर उंची असेल तर एकतीस ते चव्वेचाळीस मीटर. वाळूचा फिकट डाग शोधायचा, गवताच्या गडद पट्ट्यावर कधीच टाकायचा नाही, पोवळ्यांवर तर नाहीच नाही, कारण एक साखळी तासाभरात जे मोडते ते वाढायला माणसाचं आयुष्य जातं. नांगर पडला की साखळी ताणू द्यायची, मग इंजिन मागे टाकून हळूहळू जोर वाढवायचा, आणि त्या वेळी किनाऱ्यावरचं एक झाड आणि त्यामागचं एक घर एका रेषेत धरून बघत राहायचं. रेष हलली नाही तर नांगर धरला. तरीही मी मास्क लावून उतरते आणि नांगराचं पातं वाळूत गाडलं गेलंय का ते डोळ्यांनी बघते. वीस मिनिटांचं काम, पण त्यावर रात्रीचे आठ तास अवलंबून असतात. मग साखळीला नायलॉनचा दोर बांधून ताण त्यावर घ्यायचा, म्हणजे झोताचे धक्के दोर खातो आणि बोटीत आवाजही येत नाही. फोनवर नांगराचा अलार्म असतो तो वेगळा.

कोकण किनाऱ्यावरून येणाऱ्यांना एक सोय मात्र वाटेल. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं. इथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम अर्धा मीटर. संध्याकाळी जेवढं पाणी तेवढंच सकाळी.

आता पाणी आणि वीज. घरी नळ सोडला की पाणी येतं आणि बटण दाबलं की दिवा लागतो, म्हणून त्यामागे किती माणसं राबतात ते कळत नाही. बोटीवर ते सगळं खातं तुमचंच. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी मी तीन आकडे बघते: बॅटरी किती टक्के, टाकीत पाणी किती, आणि वाऱ्याचा अंदाज. या तीन आकड्यांवर दिवस ठरतो.

आमची टाकी ३०० लिटरची. दोघांना मिळून दिवसाला पंचवीस-तीस लिटर लागतं, हो, दोघांना मिळून. भांडी आधी समुद्राच्या पाण्याने घासायची आणि शेवटचा हात गोड्या पाण्याचा. आंघोळ म्हणजे समुद्रात उडी, वर येऊन साबण, पुन्हा उडी, आणि अंगावरून दोन लिटर गोडं पाणी. ते दोन लिटर चुकवायचे नाहीत. अंगावर मीठ राहिलं की ते अंथरुणात जातं, मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि मग चादर कधी वाळतच नाही. खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं आमचं यंत्र तासाला पंचवीस लिटर देतं. आत पडदा असतो, पंप पाणी प्रचंड दाबाने त्यातून ढकलतो. बंदरात ते चालवत नाही. पाण्यावर डिझेलचा तवंग असला तर तो महागडा पडदा कायमचा जातो. म्हणून पाणी भरायचं म्हणजे स्वच्छ खाडीत असायचं, ऊन असायचं, आणि बॅटरी भरलेली असायची. पाणी आणि वीज अशी एकमेकींच्या हातात हात घालून असतात.

विजेसाठी ६०० वॅटची सौर पॅनल्स. चांगल्या उन्हात दिवसाला सव्वादोन युनिटच्या आसपास मिळतात, त्यांतला तिसरा हिस्सा एकटा फ्रीज खातो. इंटरनेट, दिवे, पाण्याचा पंप आणि रात्रभर डोलकाठीच्या टोकावर जळणारा पांढरा दिवा बाकीच्यात भागवायचे. तीन दिवस ढगाळ गेले की काटकसर सुरू: पाणी बनवणं बंद, लॅपटॉप बंद. स्वयंपाक गॅसवर, आणि तिथे आपला प्रेशर कुकर देवासारखा धावून येतो. गॅस निम्मा लागतो, आत उकाडा होत नाही, आणि बोट हेलकावली तरी झाकण बंद असल्याने डाळ सांडत नाही. भारतातून येताना दोन कुकर आणि चार जास्तीच्या रिंगा घेऊन या. सिलिंडरचं मात्र बघून ठेवा: मार्टिनिकमध्ये फ्रेंच पद्धतीचे ब्युटेनचे सिलिंडर, बाकी बेटांवर प्रोपेन, आणि एकाची जोडणी दुसऱ्याला बसत नाही.

जेवणाबद्दल लिहायला मला सगळ्यांत आवडतं. ग्रेनाडाची राजधानी सेंट जॉर्जेस, तिथे शनिवारचा बाजार. पहिल्यांदा गेले तेव्हा एका टपरीवर अळूची जुडी दिसली आणि पाय थबकलेच. इथे त्याला कॅलालू म्हणतात. विकणारी बाई साठीची, डोक्याला फडकं. मी विचारलं, घसा खवखवतो का? ती म्हणाली, "डार्लिंग, भरपूर शिजव, मग नाही खवखवत." मी तिला सांगितलं, आमच्याकडे चिंच घालतात. ती नारळाचं दूध घालते. तिने दोन पानं जास्तीची दिली आणि पुढच्या शनिवारी कसं झालं ते सांगायला ये म्हणाली. आजतागायत मी जाते आहे.

शेजारच्याच ढिगाऱ्यात नीरफणस. हा इथे आला १७९३ साली, इंग्रज आरमाराच्या कॅप्टन ब्लायने पॅसिफिकमधून रोपं आणून सेंट व्हिन्सेंटला उतरवली तेव्हा. गुलामांना स्वस्तात खायला घालायचं म्हणून. किंग्जटाउनची १७६५ ची वनस्पती-बाग अजून आहे, जरूर बघा. त्याच नीरफणसाची आम्ही तांदळाचं पीठ-रवा लावून कापं तळतो. ग्रेनाडाचं राष्ट्रीय जेवण 'ऑइल डाउन', त्यात नीरफणस, अळू, नारळाचं दूध, खारवलेलं मांस आणि हळद. हळदीला ते सॅफ्रन म्हणतात, त्यामुळे केशर समजून पहिल्यांदा मी फसले होते. देशाच्या झेंड्यावर जायफळ आहे. अंबाडे मिळतात, नाव गोल्डन ॲपल. लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत नाताळात घरोघरी होतं. आणि रस्त्यात रोटी मिळते: १८५७ च्या १ मे रोजी 'मेडस्टोन' जहाजातून पहिले भारतीय मजूर ग्रेनाडात उतरले, त्यांच्या मागून आलेल्यांच्या हातची चव त्या रोटीत राहिली आहे. आत वाटलेल्या डाळीचं सारण असलेली डालपुरी खाताना मला पुरणपोळीच्या लाटण्याची आठवण येते.

किराणा भरायचा तो मार्टिनिकला, ल माराँला. मोठी दुकानं, फ्रान्सचे भाव, छान चीज, चांगले कांदे-बटाटे. बोटीवर एक पुठ्ठाही येऊ देत नाही. खोक्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात आणि एकदा झुरळं लाकडाच्या मागे गेली की वर्ष-वर्ष निघत नाहीत. धक्क्यावरच सगळं पिशव्यांत काढायचं, फळं समुद्राच्या पाण्यात बुडवून घ्यायची. अंडी कधीच फ्रीजमध्ये न ठेवलेली घ्यायची आणि दोन-तीन दिवसांनी उलटायची. तीन आठवडे सहज टिकतात.

मासा म्हटलं की आपण कोकणी माणसं पुढे सरसावतो. इथे एक सांगते ते लक्षात ठेवा. पोवळ्यांच्या आसपास राहणाऱ्या मोठ्या शिकारी माशांत, विशेषतः बॅराकुडात, सिग्वाटेरा नावाचं विष साठू शकतं. ते शिजवून जात नाही, तळून जात नाही, वासावरून कळत नाही. म्हणून आम्ही दोन बेटांमधल्या खोल पाण्यात गळ मागे सोडतो. टुना, माहीमाही किंवा सुरमईच्या जातीचा मासा लागला तर ठेवतो, बॅराकुडा लागला तर सोडून देतो. खडकावरचा मासा स्थानिक कोळ्याला विचारल्याशिवाय घेत नाही. सेंट व्हिन्सेंटच्या हद्दीत परदेशी माणसाला भाला मारून मासेमारी करायला बंदीच आहे. शेवंड मे ते ऑगस्ट बंद.

शिडाचे दिवस आता. बेटाच्या पश्चिमेला, वाऱ्याच्या आडोशाला, पाणी तळ्यासारखं असतं. दोन बेटांमधली खिंड लागली की अटलांटिक सरळ अंगावर येतो. वारा फटीतून निघताना चढतो, लाट दोन-अडीच मीटर, आणि प्रवाह पश्चिमेला ओढतो, एक ते दीड नॉटने. उत्तरेला जायचं तर नाळ दहा-पंधरा अंश उजवीकडे धरून ठेवावी लागते, नाहीतर दुपारपर्यंत बेट डावीकडे राहायचं ते उजवीकडे जातं. आम्ही आडोशात असतानाच शीड एक टप्पा आखडून घेतो, खिडक्या-झडपा बंद करतो, जेवण डब्यात भरून कॉकपिटमध्ये ठेवतो. पहाटे पाचला निघायचं आणि दुपारी दोनच्या आत पोहोचायचं. सेंट व्हिन्सेंट ते सेंट लुशिया ही सगळ्यांत दांडगी खिंड. ग्रेनाडाहून कॅरियाकूला जाताना वाटेत किक-एम-जेनी हा समुद्राखालचा ज्वालामुखी लागतो. त्याच्याभोवती दीड किलोमीटरचं वर्तुळ कायम वर्ज्य, तो जागा झाला तर पाच किलोमीटर. निघण्याआधी त्या दिवशीची सूचना बघायचीच.

भारतात शिकून आलेल्यांसाठी अत्यंत महत्त्वाचं: बंदरात शिरताना आपल्याकडे लाल बोया, म्हणजे वाट दाखवणारी तरंगती खूण, डाव्या हाताला ठेवतात. संपूर्ण अमेरिका खंडात आणि या बेटांत उलटं आहे, लाल उजव्या हाताला. हात सवयीने वळतो. आम्ही पहिल्या वर्षी सुकाणूच्या चाकाला उजव्या बाजूने लाल चिंधी बांधून ठेवली होती.

पोवळ्यांच्या पाण्यात नकाशापेक्षा डोळे खरे. टोबॅगो केज या पोवळ्यांनी वेढलेल्या छोट्या बेटांमध्ये शिरताना सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे हवा, म्हणजे सकाळी दहा ते दुपारी तीन. पोलराइज्ड चष्मा लावून नवरा नाळेवर उभा राहतो, मी सुकाणूवर. गर्द निळं म्हणजे खोल, पोपटी-निळं म्हणजे वाळूवर तीन-चार मीटर, पांढुरकं म्हणजे थांबा, आणि तपकिरी म्हणजे पोवळं, तिथे जायचंच नाही. ओरडायचं नाही, वाऱ्यात ऐकू येत नाही आणि भांडण होतं ते निराळं; हाताच्या खुणा ठरलेल्या. ढग सूर्यावर आला की सगळे रंग एकदम एकसारखे होतात. अशा वेळी इंजिन कमी करून जागच्या जागी राहायचं, ढग जाईपर्यंत. आत गेल्यावर बारादाल बेटाच्या बाजूला दोऱ्या लावून राखलेल्या पाण्यात कासवं गवत खात असतात. पाण्यावर निवांत पडून त्यांचा श्वास घ्यायला वर येतानाचा आवाज ऐकला की सगळे कष्ट फिटतात.

कागदपत्रं. या दीडशे मैलांत चार देशांचे कायदे आहेत: ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडीन्स, सेंट लुशिया, आणि मार्टिनिक म्हणजे खुद्द फ्रान्स. प्रत्येक देशात शिरताना पिवळा झेंडा लावायचा, बोटीच्या कप्तानाने एकट्याने किनाऱ्यावर जाऊन कस्टम्स-इमिग्रेशन करायचं, तोवर बाकीच्यांनी बोटीवरच थांबायचं. निघतानाही परवानगी घ्यायची. कचेरीत नीट कपडे घालून जायचं आणि कामाचं बोलण्याआधी "गुड मॉर्निंग" म्हणायचं. न म्हणता काऊंटरवर कागद पुढे करणं इथे फार उर्मटपणाचं मानतात. लष्करी ठिपक्यांचे कपडे बॅगेतही आणू नका, मार्टिनिक सोडून बाकीच्या तिन्ही देशांत सामान्य माणसाने ते घालणं गुन्हा आहे. भारतीय पासपोर्टवर ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट, डॉमिनिका, बार्बाडोस इथे थोड्या मुदतीसाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. मार्टिनिकला लागतो, आणि साधा शेंगेन तिथे पुरत नाही. फ्रान्सच्या सागरापारच्या प्रदेशांसाठीचा वेगळा उल्लेख हवा. नियम बदलतात, निघण्याआधी दूतावासाकडून खात्री करून घ्या.

दुरुस्ती रोजची. गेल्या आठवड्यात काय केलं ते सांगते: इंजिनाला थंड ठेवणाऱ्या पंपातला रबरी पंखा बदलला, शौचालयाच्या नळीत साठलेले चुन्यासारखे थर काढले, शिडाची उन्हाने कुजलेली शिवण हाताने घातली, बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्यावर चिकटलेले कालव खरवडले, आणि डिंगीच्या तळाचं भोक बुजवलं. डिंगी म्हणजे आमची रिक्षा. रबरी होडी आणि तिचं छोटं इंजिन. रात्री ती पाण्यात ठेवत नाही, दोरीने उचलून कठड्याला टांगतो आणि कुलूप लावतो. सगळी बेटं भली आहेत, पण दहा हॉर्सपॉवरचं इंजिन ही गरीब गावात मोठी मालमत्ता असते. नवऱ्याच्या हातात कसब आहे म्हणून आमचा खर्च आटोक्यात राहतो. तुमच्यापैकी कोणालाच पाना धरता येत नसेल तर डिझेल इंजिनाचा एक साधा कोर्स आधी करा, शीड शिकण्याच्याही आधी.

खर्च आमचा महिन्याला सरासरी २,२०० अमेरिकी डॉलर होतो, त्यात खाणं, गॅस-डिझेल, परवाने, विमा आणि दुरुस्ती आली. भारतात यायचं-जायचं विमानभाडं वेगळं. मार्टिनिकचा युरो सोडला तर इथलं चलन ईस्टर्न कॅरिबियन डॉलर, १९७६ पासून एका अमेरिकी डॉलरला २.७० असं बांधलेलं, त्यामुळे हिशोब सोपा. बोटीच्या किमतीच्या आठ-दहा टक्के दर वर्षी तिच्यावरच जातात असं धरा. बोट घेताना सगळे पैसे तिच्यात घालू नका.

१ जून ते ३० नोव्हेंबर हा हरिकेनचा काळ. बोट ग्रेनाडाच्या दक्षिणेला जमिनीवर काढून, पट्ट्यांनी जमिनीला बांधून आम्ही रत्नागिरीला येतो. २०२४ च्या १ जुलैला बेरिल हे चौथ्या श्रेणीचं वादळ थेट कॅरियाकूवर आदळलं. जूनच्या शेवटी एवढं मोठं वादळ उभं राहील असं कोणाला वाटलं नव्हतं. आम्ही घरी ओटीवर, बाहेर पावसाची झड, फोनवर नकाशातलं ते पांढरं चक्र सरकताना बघत होतो. आमची बोट वाचली. कॅरियाकूच्या टिरेल बेच्या कांदळवनात वर्षानुवर्षं बोटी आसऱ्याला जायच्या. तिथे बांधलेल्या बोटी एकमेकींवर चढून मोडल्या. नोव्हेंबरात गेलो तेव्हा कांदळवन करड्या काड्यांचं झालं होतं आणि ज्या बाईकडून आम्ही पाव घ्यायचो तिच्या घराला छप्पर नव्हतं. ताडपत्रीखाली भट्टी चालू होती. आम्ही पत्रे, खिळे, औषधं घेऊन गेलो होतो, तसे सगळेच बोटीवाले नेत होते. त्या बेटाच्या विंडवर्ड गावात लाकडी बोटी अजून किनाऱ्यावर, डोळ्यांच्या अंदाजाने बांधतात. त्या कलेची २०२३ मध्ये युनेस्कोने नोंद घेतली. तिथले सुतार वादळानंतर आधी लोकांची घरं उभी करत होते.

कंटाळा येत नाही का, असंही लोक विचारतात. येत नाही, वेळच नसतो. एकटेपणा मात्र येतो. गणपतीत आम्ही घरी असतो, पण दिवाळीच्या पुढचं सगळं चुकतं. माझी आई आजारी पडली तेव्हा ग्रेनाडाहून रत्नागिरीला पोहोचायला मला पन्नास तास लागले. घरात म्हातारी माणसं असतील तर याचा विचार दोघांनी बसून, शांतपणे, आधी करा. बोट कुठे ठेवायची, एकाने थांबायचं की दोघांनी निघायचं, हे ठरवून ठेवा.

आता पोहणं. नाही, चालणार नाही. आणि हे मी तुमच्या पत्नीलाच उद्देशून लिहिते. ताई, रोज डिंगीतून बोटीवर चढताना पाय एकदा तरी घसरतो. लाटा लागल्या की किनाऱ्यावर उतरताना डिंगी उलटते. नांगर बघायला पाण्यात उतरावं लागतं. लाइफजॅकेट हवंच, पण पाण्याची भीती असलेल्या माणसाला लाइफजॅकेट घालूनही श्वास धरता येत नाही. मीही बेचाळिसाव्या वर्षी शिकले, रत्नागिरीच्या तलावात, शाळकरी मुलींच्या रांगेत उभी राहून. सहा महिने लागले. आधी तरंगायला शिका, पाठीवर, दहा मिनिटं, काही न धरता. मग पोहणं. मग कपड्यांसकट पोहणं. मग दोरीच्या शिडीने वर चढणं, कारण दमल्यावर तेच जमत नाही.

आणि फक्त पोहणं नाही. बोटीवर दोघंच असतात. ते पाण्यात पडले तर बोट फिरवून त्यांच्यापर्यंत आणणारं माणूस तुम्हीच. इंजिन चालू करणं, शीड उतरवणं, रेडिओवर १६ नंबरला मदत मागणं, नांगर टाकणं, हे सगळं तुम्हाला एकटीला यायला हवं. आमच्याकडे दर रविवारी सकाळी नवरा न सांगता एक नारळ पाण्यात टाकतो आणि ओरडतो, "माणूस पडलं!" मी एकटीने बोट वळवून जाळीने तो नारळ वर काढायचा. परवा सात मिनिटं लागली. सुरुवातीला अर्धा तास लागायचा आणि नारळ दोनदा हरवला होता.

तलावात नाव या आठवड्यात घाला. ते झालं की एप्रिलमध्ये या, मोसम शांत होत आलेला असतो. कप्तानासह बोट भाड्याने घेऊन ग्रेनाडा ते टोबॅगो केज असे दहा-बारा दिवस राहा. आम्ही बहुधा बेक्वेला असू. बाजारात अळू मिळालं तर फदफद्याचं आमंत्रण माझ्याकडून.